कुरिअरनं पाठवलेली राखी

(पत्र थोडं कमी केलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

ताई,

मी 47 वर्षांची आहे. कोथरूडला राहते, एका सहकारी बँकेत नोकरी करते. माझा धाकटा भाऊ मागच्या वर्षी, 2024 च्या 31 ऑगस्टला, शनिवारी रात्री गेला. चाळिशीला दोन महिने कमी होते. त्यानं लग्न केलं नव्हतं, आईजवळ धायरीला राहायचा. खडकवासल्याकडून परत येताना नांदेड फाट्याच्या अलीकडे बाइक दुभाजकावर गेली. चालवत होता तो त्याचा शाळेपासूनचा मित्र. प्यायलेला होता, रक्ताचा रिपोर्ट तसा आला आहे. हेल्मेट दोघांनाही नव्हतं. मित्राच्या पायात रॉड घातला, आता तो नीट चालतो. माझा भाऊ जागच्या जागी गेला.

हा मित्र दर रविवारी आईकडे येतो. तिच्या बीपीच्या गोळ्या आणतो, गॅसचा नंबर लावतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तिला तोच घेऊन गेला. आई त्याला जेवायला वाढते, तेही भावाच्या ताटात.

दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर कावळा शिवेना. गणपतीचे दिवस, पुलावरून ढोल ऐकू येत होते. काका, चुलतभाऊ, सगळ्यांनी सांगून बघितलं. 'आईला मी सांभाळीन' असं मीही म्हणाले. पाऊण तास गेला. मग हा वॉकर धरून मागे उभा होता, तो दोघांच्या आधारानं पुढे आला, 'काकूंना मी बघेन' म्हणाला, आणि कावळा आला. आईच्या मनानं तेव्हाच काय ते घेतलं.

गेल्या वर्षी आमची दिवाळी नव्हती. यंदा वर्षश्राद्ध झालं आणि आई म्हणाली, भाऊबीजेला त्यालाही बोलावते, तू ओवाळ. "त्याला बहीण नाही, तुला भाऊ नाही." मी फोन ठेवून दिला. मामा म्हणतो, मोठं मन कर. माझे यजमान म्हणतात, आईच्या समाधानासाठी पाच मिनिटांचं काम आहे. आत्या म्हणते, मग चंद्राला तरी ओवाळ. मला यातलं काहीच जमेल असं वाटत नाही. त्या माणसाचं तोंड बघवत नाही. मी मनानं इतकी कोती आहे का? माफ करायचं म्हणजे नेमकं काय करायचं असतं?

ता. क. बाइक भावाची होती. आणि जूनपासून आमचं बोलणं बंद होतं, बाबांच्या फ्लॅटच्या हक्कसोडपत्रावरून. त्या वर्षी राखी मी कुरिअरनं पाठवली. कोथरूडहून धायरीला. त्यानं बांधलेल्या राखीचा, मनगटाचा फोटो पाठवला होता. मी उत्तर दिलं नाही. एरवी शनिवारी रात्री तो आमच्याकडे जेवायला असायचा.

– धाकट्याची ताई

*

प्रिय ताई,

दिवाळी तोंडावर आली आहे, म्हणून आधी तातडीच्या प्रश्नाचं उत्तर देते. त्याला ओवाळू नका.

यजमानांचा हिशोब वेळेपुरता बरोबर आहे. पाट मांडायचा, टिळा लावायचा, अक्षता टाकायच्या, सुपारी आणि अंगठी ओवाळायची, मग निरांजन. पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पण त्या पाच मिनिटांत बहीण मागते काय? भावाला उदंड आयुष्य. यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला तो हा दिवस, म्हणून पंचांगात याला यमद्वितीया म्हणतात. मृत्यूच त्या दिवशी बहिणीच्या घरी पाहुणा असतो. ज्याच्या हातात हँडल असताना तुमचा भाऊ गेला, त्याच्यासाठी त्या दिवशी उदंड आयुष्य मागायचं, तेही आईच्या देखत. मनात नसताना हे केलंत तर समोर पाटावर बसलेल्या माणसालाही ते कळेल. त्याच्याशीही ते बरं नाही.

"त्याला बहीण नाही, तुला भाऊ नाही," हे आई प्रेमानं बोलली असेल, पण भाऊ म्हणजे रिकामा झालेला गाळा नव्हे, की बोर्ड लावला आणि दुसरा भाडेकरू आला.

आता कावळ्याचं. मी त्याची चेष्टा करणार नाही. ओंकारेश्वरावर मीही ताटकळले आहे. एरवी कशावर विश्वास नसणारी माणसं तिथे झाडाकडे बघत हात जोडून उभी असतात, आणि त्या वेळात जो तो गेलेल्याला काही ना काही कबूल करत असतो. मुलीचं लग्न करून देऊ, कर्ज फेडू, म्हातारीला बघू. आई त्या दिवसाला कौल मानते, तर मानू द्या. पण कौल मिळाला तरी कशाला? तो म्हणाला, "काकूंना मी बघेन." कावळा शिवला. बरं, मग तेवढंच ठरलं. तो काकूंना बघतो आहे, गोळ्या आणतो आहे, दिलेला शब्द पाळतो आहे. 'ताईनं मला माफ करावं' असं तो म्हणाला नव्हता, आणि कावळ्यानं त्यावर चोच मारलेली नाही.

त्याच परिच्छेदात तुम्ही एक वाक्य लिहून भरकन पुढे गेलात. 'आईला मी सांभाळीन असं मीही म्हणाले.' म्हणजे तुम्ही शब्द दिलात तेव्हा कावळा आला नाही, आणि त्यानं दिला तेव्हा आला. मला वाटतं, खरा काटा तिथे आहे. आधीच अबोला, त्यात भावानं शेवटी आपल्या शब्दापेक्षा मित्राचा शब्द मोठा मानला, असं काहीसं तुमच्या मनात बसलं असणार. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, चुकत असेन तर सोडून द्या. पण एक गोष्ट ऐका. एका गुरुजींनी मला सांगितलं होतं, पोट भरलेलं असलं की कावळे उशिरा येतात, आणि गर्दी-गोंगाट असला की जवळच येत नाहीत. म्हणूनच शास्त्रात दर्भाचा कावळा करून शिवायची सोय ठेवली आहे. तुमच्या पाऊण तासात गणपतीतलं पुणं डोक्यावर ढोल बडवत होतं. कावळ्याला तुमच्या भांडणाची खबर नव्हती हो.

मामांचं 'मोठं मन कर' मात्र मला पटलेलं नाही. आपल्याकडे हे वाक्य साधारणपणे त्या घरातल्या मोठ्या बहिणीला सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्याला स्वतःला त्यासाठी काही द्यावं लागत नाही. त्याचंच जुळं भावंड म्हणजे 'तू रागावलीस म्हणून गेलेला माणूस परत येणार आहे का?' नाही येणार. पण माफ केलं म्हणूनही तो येणार नाही. मग परत येण्याचा मुद्दा मध्ये काढायचाच कशाला?

आईबद्दल मात्र मी मामांसारखीच थोडी बोलणार आहे, राग मानू नका. तिच्या मुलाबरोबर शेवटचं जेवलेला माणूस तिच्या ओट्यापाशी येऊन बसतो. त्यानं मुलाला नेलं हे तिला कळत नाही असं समजू नका. तिला हेही कळतं की मुलाच्या शेवटच्या चार तासांचा एवढा एकच साक्षीदार शिल्लक आहे. रविवारी तो आला की घरात पुरुषाच्या चपलांचा आवाज होतो. हे तिचं तिनं शोधलेलं आहे, त्यात हात घालू नका. त्याला घरी येऊ देऊ नकोस, असं तिला कधीही म्हणू नका. फक्त ते ताट मागून घ्या. 'आई, त्याचं ताट मला हवं आहे, तू त्याला दुसऱ्यात वाढ,' एवढंच. कारण द्यायची गरज नाही. आईला कळेल.

माझी मोठी बहीण गेली त्याला 22 वर्षं झाली. दिवस होईपर्यंत घरी माणसांची रीघ होती, आणि चहा मी करत होते. येणारा प्रत्येक जण मला कोपऱ्यात घेऊन एकच विचारायचा, "आई कशी आहे?" मग, "मुलांचं कसं?" मग, "जावई सावरले का?" तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूधवाल्यानं मला विचारलं, "तुमची कोण?" बहीण, म्हणाले, आणि पातेलं हातात धरून जिन्यातच रडले. भावंडाच्या दुःखाला आपल्याकडे रांगेत फार मागे उभं करतात. आईबाप, नवरा-बायको, मुलं यांचं सांत्वन झालं की मग कधीतरी आपला नंबर. केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं 1989 साली अशा दुःखाचा विषय मांडला. समाज ज्याला दुःख म्हणून पुरतं मोजतच नाही, ज्यासाठी माणसाला रजाही नीट मिळत नाही, असं दुःख. तुम्हाला बँकेनं किती दिवस दिले होते?

खरं तर हे आपल्याला अमेरिकेतून कळायची गरज नव्हती. आळंदी तुमच्या घरापासून तासा-दीड तासावर आहे. 1296 साली ज्ञानदेवांनी तिथे समाधी घेतली. मग सोपानदेवांनी सासवडला, मग मुक्ताई आणि शेवटी निवृत्तिनाथ. वर्षभरात चारही भावंडं गेली. निवृत्तिनाथ थोरले, आणि ज्ञानदेवांचे गुरूही. ज्यांच्याकडून सगळ्यांनी स्थिर राहायला शिकायचं, त्यांचाच धाकट्याच्या समाधीच्या वेळी बांध फुटला, असं वर्णन नामदेवांनी करून ठेवलं आहे. 'मोठं मन करा' असं त्यांना कुणी म्हटल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

आता ताज्या कलमाकडे येते. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. वरच्या सगळ्या पत्रात मित्र आहे. तो काय करतो, काय आणतो, कुठे उभा होता. तुमचा भाऊ मला भेटला तो ता. क. मध्ये, शेवटच्या सहा-सात ओळींत. तुम्ही सही करायच्या आधी त्या जवळजवळ नाइलाजानं लिहिल्यात, असं वाटलं.

बाइक त्याची होती. म्हणजे किल्ली बहुधा त्यानंच दिली. मागे उघड्या डोक्यानं तोच बसला. (हेल्मेटबद्दल पुणेकरांनी काही न बोललेलंच बरं. 2019 च्या जानेवारीत पोलिसांनी सक्ती सुरू केली तेव्हा आपल्या शहरात तिच्या विरोधात मोर्चे निघाले होते, पगड्या घालून. कायदा मात्र मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सांगतो.) ताई, तुम्ही भावावर चिडलेल्या आहात. चिडायलाच हवं. चाळिशीला आलेला माणूस, घरी आई एकटी, आणि प्यायलेल्याच्या मागे बसून निघतो? पण गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये असं आपल्यावर इतकं बिंबलेलं असतं की तो राग तोंडातून बाहेर पडत नाही. मग तो जिवंत माणसावर जातो.

तुम्ही बँकेतल्या आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. तीन खात्यांची रक्कम तुम्ही एकाच्या नावे टाकली आहे. मित्राची स्वतःची रक्कम मोठीच आहे, त्यातला रुपयाही कमी करा असं मी म्हणणार नाही. तीसच्या वर दारू रक्तात असताना त्यानं गाडी चालवली. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही कायद्यातली हद्द आहे, आणि ती त्यानं ओलांडली. पण भावाची रक्कम भावाच्या खात्यावर घाला. आणि तिसरं खातं तुमचं.

ते तिसरं खातं ता. क. च्या शेवटच्या वाक्यात आहे. 'एरवी शनिवारी रात्री तो आमच्याकडे जेवायला असायचा.' पुढचं तुम्ही लिहिलं नाही, मी लिहिते. भांडण झालं नसतं तर त्या शनिवारी तो कोथरूडला तुमच्या टेबलाशी असता. यावर लोक तुम्हाला सांगतील, असं काही नसतं, ज्याची वेळ आली तो जातो. मी तसं सांगणार नाही. असता, कदाचित. जूनपासून ऑगस्टपर्यंतचे सगळे शनिवार तो दुसरीकडे कुठेतरी जेवला आणि सुखरूप घरी आला, हेही तितकंच खरं. तुम्ही त्याला शनिवारचं जेवण नाकारलंत, इतकंच तुमच्या हातून झालं. खडकवासल्याहून परत येताना काय झालं, ते तुमच्या हातात नव्हतं.

आणि हक्कसोडपत्राबद्दल अपराधी वाटून घ्यायचं काहीच कारण नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर आई, मुलगा, मुलगी तिघांचा वाटा सारखा. हक्कसोडपत्र म्हणजे राखीच्या ओवाळणीत घालायची वस्तू नाही. मुद्रांकावर लिहून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवायचा दस्त आहे, आणि त्यावर विचार करायला वेळ मागणं हा तुमचा अधिकार होता. पुण्यात ज्या घरात बाबांचा फ्लॅट आणि दोन भावंडं आहेत, त्या घरात हे भांडण आज ना उद्या होतंच. मग एखादं लग्न निघतं, कुणाचं तरी ऑपरेशन होतं, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये दोघं समोरासमोर बसतात आणि कुणीच सॉरी न म्हणता बोलणं सुरू होतं. तुमचं मध्यंतरातच राहिलं.

कोथरूडहून धायरीला कुरिअरनं राखी! मला वाचताना हसू आलं, खोटं कशाला सांगू. याला म्हणतात राग. पण पाठवलीत ना? न पाठवण्याची सोय होती, ती तुम्ही घेतली नाही. आणि त्यानं ती ड्रॉवरमध्ये टाकली नाही, बांधली, आणि बांधल्याचं तुम्हाला कळवलं. अबोला धरलेल्या दोन माणसांच्या मानानं हे बरंच बोलणं झालं. पुढची पाळी तुमची होती आणि तुम्ही ती लांबवलीत, कारण अजून पुष्कळ वेळ आहे असं वाटत होतं. त्यालाही तसंच वाटत असणार.

आणखी एक. त्या फोटोत राखीची गाठ बघितलीत का? स्वतःच्या मनगटाला स्वतः, एका हातानं राखी नीट बांधता येत नाही. कुणीतरी ती बांधून दिली. घरात होती कोण? आई. म्हणजे तुम्ही जे 14 महिने एकट्या सांभाळून बसला आहात, ते कुरिअर, ते पाकीट, ते बहुधा आईला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ते पाकीट उघडताना तो काय म्हणाला, हसला की चिडला, हे सांगू शकणारी एक व्यक्ती आहे. तिला विचारायचं सोडून तुम्ही तिच्याशी मित्रावरून भांडता आहात.

माफीचा प्रश्न मी टाळते आहे असं वाटेल. टाळत नाही, तो दुसऱ्या क्रमांकावर ढकलते आहे. एव्हरेट वर्थिंग्टन म्हणून अमेरिकेत मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. माफी हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. 1996 च्या नव्या वर्षाच्या तोंडावर घरफोडी करायला आलेल्या कुणीतरी त्यांच्या आईचा खून केला. त्या माणसाला त्यांनी मनानं माफ केलं. पुढे काही वर्षांनी त्यांच्या भावानं आयुष्य संपवलं, आणि तेव्हा माफीवर ग्रंथ लिहिलेल्या या माणसाला स्वतःला माफ करणं अवघड होऊन बसलं. भावासाठी आपण आणखी काही करायला हवं होतं, हे जाता जाईना. परक्या खुन्यापेक्षा भावाचा हिशोब जड गेला. म्हणून म्हणते, आधी कुरिअरचं बघू, मित्राचं नंतर.

तरी तुम्ही विचारलंच आहे म्हणून. वर्थिंग्टन यांच्यासारखे अभ्यासक माफीचे दोन भाग करतात. एक ठरवायचा. मी सूड घेणार नाही, त्याचं वाईट करायला जाणार नाही. दुसरा वाटण्याचा, म्हणजे त्याला बघून पोटात उठणारा आगडोंब कमी होणं. पहिला ठरवून होतो, आणि तुमच्याकडून तो झाल्यात जमा आहे. 14 महिन्यांत तुम्ही त्याच्या दारात जाऊन तमाशा केला नाही, आईचं आणि त्याचं तोडलं नाही. दुसरा भाग ठरवून होत नाही. तो होईल किंवा होणारही नाही, आणि नाही झाला तर तुम्ही कोत्या ठरत नाही. माझ्या बहिणीचा आजार एका डॉक्टरनं फार उशिरा ओळखला. त्यांना मी माफ केलं का? माहीत नाही. बरीच वर्षं मी त्या गल्लीतून जायचं टाळायचे. मग एकदा रिक्षातून तिथूनच गेले, आणि घरी येऊन मेथी निवडायला घेतली तेव्हा लक्षात आलं की आज आपण तिकडे बघितलंच नाही. याला माफी म्हणत असतील तर ती माझ्या नकळत झाली.

कोर्टाचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण प्रकरण तिथे असणारच, आणि 'आता सगळं समजुतीनं मिटवू' असा निरोप मित्राच्या बाजूनं आज ना उद्या येईल. घटना 1 जुलै 2024 नंतरची असल्यानं भारतीय न्याय संहिता लागू होते. निष्काळजीपणानं मृत्यूला कारण होणं, हे तिचं कलम 106. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तो तडजोडपात्र गुन्हा नाही. आरोपपत्रात नेमकी कोणती कलमं आहेत ते वकिलांकडून समजून घ्या. सांगायचं इतकंच की तुम्ही त्याला ओवाळलं, न ओवाळलं, आईनं जेवू घातलं, यानं खटला सुटतही नाही आणि बिघडतही नाही. साक्षीला बोलावलं तर जे माहीत आहे तेवढं खरं सांगायचं. रविवारी आईच्या गोळ्या आणणाऱ्या माणसाविरुद्ध सोमवारी खरं बोललं म्हणून कुणी कृतघ्न होत नाही.

त्या माणसाला कधी काही विचारावंसं वाटलंच, तर एकच विचारा. त्या संध्याकाळी तो माझ्याबद्दल काही बोलला का? मला शंका आहे की तुम्ही त्याचं तोंड बघायचं टाळता त्यात थोडी भीती या उत्तराचीही आहे. पण हे आत्ता नको, आणि दिवाळीत तर मुळीच नको.

भावाच्या नंबरवर आता त्या फोटोचं उत्तर पाठवायचा मोह होईल. पाठवू नका. बंद झालेले नंबर कंपन्या 90 दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकतात. धायरीच्या भावाऐवजी नांदेडच्या कुणा काकांना तुमचा निरोप जायचा.

एक गोष्ट गंभीरपणे विचारते. झोप कशी आहे? सकाळी उठून बँकेत जायची ताकद असते का? दुःखाला मुदत नसते, पण ते इतक्या महिन्यांनीही रोजचं जगणं अडवून बसलं असेल तर त्यावर उपचार आहेत. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 2022 मध्ये लांबलेल्या शोकाला वेगळा आजार म्हणून जागा दिली, आणि मोठ्या माणसांसाठी एक वर्षाची रेषा आखली. तुम्ही ती ओलांडली आहे. याचा अर्थ तुम्ही आजारी आहात असा नाही, पण एकदा दाखवून घ्या. सरकारचा टेलिमानस हा मोफत नंबर आहे, 14416. तिथे मराठीत बोलता येतं. आणि जगणं नकोसं वाटत असेल, तर दिवाळीची वाट न बघता आज रात्रीच तो फिरवा.

आत्याबाईंच्या चंद्राचंही सांगून टाकते. कार्तिकातल्या द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर जेमतेम तासभर पश्चिमेला दिसते, आणि कोथरूडला समोर बारा मजले उभे असतात. पण अडचण ती नाही. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. तुम्हाला भाऊ होता. त्या रांगेत उभं राहायला मन घेत नसेल तर यंदा कुणालाच ओवाळू नका. निरांजन एक वर्ष कोरडं राहिलं म्हणून काही होत नाही.

माझ्या डोक्यात आहे ते असं. यंदा पाडवा 22 ऑक्टोबरला, भाऊबीज 23 ला. पाडव्याला यजमानांना सकाळीच ओवाळून टाका, पाच मिनिटांचं काम आहे. दुपारी एकट्याच धायरीला जा आणि रात्री आईजवळ राहा. तिला आधीच फोन करून सांगा, "आई, भाऊबीजेला तू त्याला जेवायला बोलाव, माझी ना नाही. मी त्याला ओवाळणार नाही, आणि तो यायच्या आत निघेन. आदल्या रात्री मात्र मी तुझ्याजवळ आहे." ती रुसेल, मामांना फोन करेल. करू दे. रात्री जेवणं झाली, भांडी लावून झाली, ती गोळ्या घ्यायला बसली की विचारा, "त्या वर्षीची राखी त्याला तू बांधलीस का गं?"

मग ती बोलेल, किंवा बराच वेळ बोलणार नाही. तुम्ही उठू नका. सकाळी चहा घेऊन निघा, आणि ते ताट पिशवीत घालायला विसरू नका.